भालेरावांची आगाऊ उपकारस्तुती

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की शांतवन भालेरावांच्या चेहऱ्यावर तेज येतं. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना जिना मना केलाय, पण त्या दिवशी नाइलाज असतो. मग ते ताठ मानेने सहा मजले चढतात, दर मजल्यावर कठड्याला धरून थांबतात आणि भेटेल त्याला सांगतात, "मी म्हटलंच होतं."

लिफ्ट चालू असली की मात्र ते तळमजल्यावर उभे दिसतात. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्यात टॉर्च, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. लिफ्टमध्ये ते एकट्याने पाऊल टाकत नाहीत. कुणी वर जाणारं आलं की त्याच्या मागोमाग शिरतात. कुणीच आलं नाही, तर घरी फोन करतात. मग त्यांची बायको, रूथताई, सहाव्या मजल्यावरून एकटी लिफ्टने खाली येते, नवऱ्याला आत घेते आणि वर नेते. बालवाडी सुटल्यावर पोराला न्यावं तसं. मुलुंडमध्ये ज्या वयात लोक नातवंडांना शाळेतून आणतात, त्या वयात रूथताई नवऱ्याला तळमजल्यावरून आणत.

मी एकदा विचारलं, "भालेराव, तुमचा देव असतो ना सोबत? मग एकटे कसे?"

"असतो की."

"मग?"

"लिफ्ट त्याने नाही बनवली, कर्णिक."

भालेराव मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. भांडुपच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात त्यांनी नोकरी केली. माणूस किती प्रकारांनी मरू शकतो, याचा अभ्यास करण्याबद्दल त्यांना पगार मिळत होता. निवृत्तीनंतर पगार थांबला, अभ्यास चालू राहिला. कुकर लावला की ते घराचं दार उघडं ठेवून उंबऱ्यात उभे राहतात. नवा सिलेंडर आला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधतात, आधी स्वतःच्या आणि मग आमच्या सिलेंडरवर. गच्चीवरच्या टाकीकडे ते ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने मी फक्त सरकारी जाहिरातींकडे बघतो.

आणि या सगळ्यावर त्यांचं एक वाक्य. साबणाचा हात पुसत म्हणतात, "वचन आहे." जरा थांबतात. "पण बघितलेलं बरं."

देवाने वचन दिलंय आणि तो ते पाळेल, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती सिलेंडरबद्दल, वायरिंगबद्दल, कबुतरांबद्दल आणि सोसायटीच्या कमिटीबद्दल. कमिटीबद्दल मीही त्यांच्याच बाजूचा आहे.

पण त्यांचा खरा लौकिक वेगळ्याच गोष्टीसाठी होता. ख्रिस्ती घरांत एक चांगली रीत आहे. आजारातून माणूस उठला, नोकरी लागली, संकट टळलं, की घरी मंडळींना बोलावून देवाचे आभार मानतात. त्याला उपकारस्तुती म्हणतात. पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, येतात, पेटी-तबल्यावर गाणी होतात, प्रार्थना होते, मग चहा आणि केक. भालेराव ही उपकारस्तुती काम होण्याच्या आधी करत.

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते रूथताईंनी केलेला केक घेऊन दारात उभे राहिले. "अभिनंदन. डोळ्याबद्दल आभार मानले."

"अहो, ऑपरेशन उद्या आहे."

"म्हणूनच आज आलो," ते म्हणाले. केकची ताटली त्यांच्या हातात थरथरत होती. मला वाटलं, वजनामुळे.

आमचे सेक्रेटरी धुरी यांच्या भाच्याचा निकाल लागायचा होता, तेव्हाही भालेरावांनी असेच आभार मानले. भाचा दोन विषयांत उडाला. धुरींनी त्यांना लिफ्टपाशी गाठलं, म्हणजे गाठणं सोपंच होतं. "काय हो भालेराव, ते आभार आता परत घेतलास काय? अरे बाबा, आधी काम तरी होऊंदे, मगे माना की आभार!"

"आभार फुकट जात नाहीत धुरी," भालेराव म्हणाले. "चला ना वर, मी खोळंबलोय."

मी या सगळ्याला मनातल्या मनात 'आगाऊ बुकिंग' म्हणत असे. देवाला पेचात पकडायची ही युक्ती मला हुशारीची वाटे. एकदा सगळ्यांसमोर आभार मानून टाकले की त्यालाही मागे फिरणं अवघड! निवडणुकीआधी विजयाचे पेढे वाटणारे पुढारी मी पाहिले होते. भालेराव त्यांतलेच, फक्त पेढ्यांऐवजी केक.

मग रूथताईंच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं.

त्या आधीपासूनच दमत होत्या. नवऱ्याला आणायला खाली आल्या की लिफ्टच्या भिंतीला टेकून उभ्या राहत. भालेरावांनी एकदा त्यांना तसं पाहिलं आणि त्या दिवसापासून फोन करणं सोडलं. आता ते तळमजल्यावर कितीही वेळ थांबत. दूध नासलं तरी थांबत. वॉचमनने त्यांना खुर्ची दिली, आणि ते त्या खुर्चीवर मांडीवर टॉर्च घेऊन बसत, रुग्णालयात बसतात तसे. मी सहज फेरी मारायच्या निमित्ताने खाली जाऊ लागलो. कुणाला नेऊन सोडायचं नाव न घेता.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरी उपकारस्तुतीचं बोलावणं आलं.

आमच्या जिन्यात त्या दिवशी कुणी फार बोललं नाही. डोळा वेगळा, भाच्याचा निकाल वेगळा. धुरी माझ्या दारात येऊन हळूच म्हणाले, "कर्णिकानू, तुम्ही सांगा त्यांका. बरा नाही ह्या. काय उलटसुलट झाला तर मग तोंड खंय लपवतलो बिचारो?" मीही तेच म्हणत होतो, पण सांगायला गेलो नाही. गेलो तो सरळ त्यांच्या घरच्या सतरंजीवर जाऊन बसलो.

पाळकसाहेबांचा आवाज मोठा होता आणि प्रार्थना त्याहून मोठी. त्यांनी पंतप्रधानांपासून सुरुवात केली, राज्यपाल घेतले, पालिका घेतली, समुद्रावर असणाऱ्यांना आणि विमानात असणाऱ्यांना घेतलं. मुलुंडला पोचेपर्यंत चहा दोनदा गरम झाला. मग त्यांनी सांगितलं की विश्वासाने मागितलेलं मिळतंच, आणि आपल्या बहिणीचं हृदय देवाने नवं केलेलंच आहे, आमेन म्हणा. सगळे आमेन म्हणाले. भालेराव म्हणाले नाहीत. ते सतरंजीचा दोरा ओढत बसले होते.

"आता बंधू शांतवन साक्ष देतील, देवाने काय केलं ते सांगतील," पाळक म्हणाले.

भालेराव उठले. धुरींनी माझ्याकडे पाहिलं.

"रूथ लिफ्टने खाली येते," भालेराव म्हणाले. "एकटी. मला न्यायला. त्याबद्दल देवाचे आभार." त्यांनी रूथताईंकडे पाहिलं. "कुकर लावला की ती स्वयंपाकघरात थांबते आणि मी दारात. तिने कधी मला हसून दाखवलं नाही. म्हणजे हसते, पण दाखवत नाही. त्याबद्दल आभार. आणि ती अजून इथे बसलीये, त्याबद्दल."

एवढं बोलून ते खाली बसले. ऑपरेशनचं नावही नाही. पाळकसाहेब जरा गोंधळले आणि त्यांनी गाणं सुरू केलं. रूथताई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "अहो, त्या स्टुलाला टेकताना त्याचा पाय बघा. हलतोय." त्यावर हसू फुटलं, पण कुणाचंही पुरतं बाहेर आलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी रुग्णालयात त्यांच्याबरोबर होतो. त्यांना मूलबाळ नव्हतं, असंच मी इतकी वर्षं समजत होतो. तळाशी एक मोठी खोली होती, लोखंडी खुर्च्यांची. तिथे बसलेल्या प्रत्येक माणसाची नजर एकाच दाराकडे होती. दार उघडलं की सगळे अर्धे उठत आणि नाव दुसऱ्याचं निघालं की परत बसत. इतकी माणसं एकाच वेळी भिताना मी पाहिली नव्हती. मी वाचायला पुस्तक नेलं होतं. पहिल्या पानाच्या पुढे गेलो नाही.

भालेरावांनी अग्निशामक नळकांडं बघून घेतलं, त्यावरची तारीख वाचली, आपत्कालीन दार ढकलून पाहिलं. मग माझ्या शेजारी येऊन बसले.

"वचन आहे," मीच म्हणालो. त्यांना धीर द्यावा म्हणून. मला ते शब्द दुसऱ्याचा चष्मा घातल्यासारखे वाटले.

"कसलं?" त्यांनी विचारलं.

"हेच. ऑपरेशन नीट होईल याचं."

"तसं कुठे म्हणालाय तो?" भालेराव माझ्याकडे चकित होऊन बघत होते. "तो म्हणालाय सोबत राहीन. सोडणार नाही, एवढंच. जे बोललाय ते करून दाखवायची ताकद त्याच्यात आहे, कर्णिक. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जे तो बोललाच नाही, ते मी त्याच्या तोंडी कसं घालू? ऑपरेशनचं मी मागतोय. मागणं माझं आहे."

"मग ती आगाऊ उपकारस्तुती?"

दार उघडलं, सगळे अर्धे उठले, सगळे बसले.

"आमचा मुलगा होता," ते म्हणाले. "अनुग्रह. चार वर्षांचा. ताप होता. मी देवाला म्हटलं, याला बरा कर, मग उपकारस्तुती करतो. मोठी करतो." त्यांनी गळ्यातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "वॉर्डातून इंजेक्शन आणायला खाली गेलो. घेऊन वर येत होतो, तर लिफ्ट मध्येच थांबली. लिफ्टमध्ये मी एकटाच होतो."

दार पुन्हा उघडलं, नाव दुसऱ्याचंच निघालं.

"चार वर्षं होता की हो तो घरात," थोड्या वेळाने ते म्हणाले. "गात असे. लोळत असे. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. नंतर बसलो होतो एकदा मानायला. तोंडातून शब्द निघेना. नंतर नाही जमत, कर्णिक. मला भीती वाटते. म्हणून मी आधी मानून घेतो."

मी पुस्तक मिटलं. तसं ते उघडं नव्हतंच.

रूथताई पुढे बऱ्या झाल्या, हे इथेच सांगून टाकतो. वाचकाला टांगून ठेवण्याची कला मला आवडत नाही, आणि जमतही नाही. पण त्या खोलीत आम्हाला हे माहीत नव्हतं, आणि पुढचं जे सांगायचंय ते माहीत नसतानाचं आहे.

दुपारी दार उघडलं. "रूथ भालेराव के साथ कौन है?" रखवालदाराने विचारलं. "डॉक्टर ने ऊपर बुलाया है. जल्दी."

"क्या हुआ?" मी विचारलं.

"मालूम नहीं साब. एक ही आदमी जाएगा."

जल्दी. या शब्दाचा अर्थ त्या खोलीतल्या कुणालाच विचारावा लागला नसता. शेजारच्या एका बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे.

जिन्याला दोरी बांधली होती, आत रंगकाम चाललं होतं. समोर लिफ्ट होती, स्टीलची, अरुंद. तिच्यात लिफ्टमनही नव्हता. मी रखवालदाराला म्हणालो, "भाई, यांना एकट्याने जमत नाही. मी वर सोडून लगेच खाली येतो." तो मान हलवत राहिला. मी आवाज चढवला. कोण तुमचे मोठे साहेब, बोलवा त्यांना, वगैरे. आयुष्यभर ज्या तऱ्हेच्या माणसांना हसलो, त्यांच्यासारखा मी ओरडत होतो.

भालेरावांनी माझ्या दंडाला हात लावला.

"राहू दे," ते म्हणाले. "ती खाली येऊ शकत नाही ना आज."

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. टॉर्चही दिला. लिफ्टचं दार उघडलं. ते उंबऱ्याशी थांबले, ओठ हलत होते. मला वाटलं, आता ते मागे फिरणार. ते आत गेले.

लिफ्ट रिकामी होती. तिच्यात मधोमध उभं राहायला हवं तेवढी जागा होती. भालेराव मधोमध उभे राहिले नाहीत. आपल्या मागून कुणी आत येत असलं की आपण सरकतो ना, तसे ते एका बाजूला सरकले, पार भिंतीला टेकून, शेजारी एका माणसाची जागा सोडून. मग हात लांब करून त्यांनी बटण दाबलं.

दार बंद होईपर्यंत ते त्या मोकळ्या जागेकडे बघत होते.