लाल गाडी एवढी स्वस्त का?

"घटनास्थळी पाऊल टाकलं की मला सत्याचा वास येतो," असं जावईबापू स्वतःबद्दल सांगत. सांगताना नाक एवढं वर करत की ऐकणाऱ्याला सत्याऐवजी नाकपुड्याच दिसत. विमा कंपनीत फुटक्या काचांचे फोटो काढायची नोकरी होती. ती त्यांनी सोडली की नोकरीने त्यांना सोडलं, हा गुन्हा त्यांनी कधी उघडकीला आणला नाही. तेव्हापासून ते गुप्तहेर होते. गुप्त इतके, की गिऱ्हाइकांनाही पत्ता लागत नसे.

सासूबाईंना मात्र जावयाचं कौतुक होतं. घरात दूध उतू गेलं की ते कोणी उतू जाऊ दिलं, हे जावईबापू तासाभरात शोधून काढत. गॅस बंद करायला हवा, हे दुसऱ्या कुणालातरी सुचायचं.

आज सगळं घर जुन्या गाड्यांच्या दलालाच्या आवारात उन्हात उभं होतं. सासूबाईंनी आपलं शिवणाचं दुकान विकलं होतं आणि पैसे कमरेच्या पिशवीत होते. अर्धे थोरल्या मुलाचे, अर्धे धाकटीचे, म्हणजे जावईबापूंच्या बायकोचे. धाकटीला चष्म्यांचं दुकान टाकायचं होतं. गाळा बघून ठेवला होता, पण आज संध्याकाळपर्यंत अनामत भरली नाही तर मालक तो दुसऱ्याला देणार होता.

आणि थोरल्याला, म्हणजे पंचेचाळिशीच्या, डोक्यावर चंद्र उगवलेल्या त्या बाळाला, शर्यतीची गाडी हवी होती.

"आई, नीट ऐक," थोरला म्हणाला. "ही लाल, पंधरा वर्षांची. माझ्या वाट्याच्या पैशांत येते. पण पेट्रोल ढसाढसा पिते, सुटे भाग परदेशातून मागवायचे, आणि ब्रेक बदलले की महिन्याचा पगार गेला. ती निळी, तीन वर्षांची. वॉरंटी आहे, दुरुस्तीची कटकट नाही. पण विमा महाग, आणि दारात उभी ठेवली तरी दर वर्षी किंमत घसरते. शिवाय तिला सगळे पैसे लागतील."

"म्हणजे एकीला सारखं दवाखान्यात न्यायचं, आणि दुसरी नुसती बसल्या बसल्या उतरत जाणार," सासूबाई म्हणाल्या. "गाडी सांगतोयस की स्थळं?"

"अगं, पाच सेकंदांत शंभरचा वेग पकडते!"

"आणि जाणार कुठे? ऑफिसात तर अकरा वाजता पोचतोस."

"दादा, निळी घेतलीस तर माझा गाळा?" धाकटीने विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू ना तुझं."

धाकटीने वाद न घालता घड्याळात बघितलं. आरडाओरडा करणारं पोर बरं, त्याचं तोंड तरी बंद करता येतं, असं सासूबाईंना वाटलं.

तेवढ्यात जावईबापू लाल गाडीखालून उपडे बाहेर आले. सकाळीच त्यांनी दोन्ही गाड्यांभोवती दोरी बांधली होती. कुणी दार उघडायचं नाही, सीटवर बसायचं नाही, ठशांवर ठसे पडतात, असा हुकूम होता. थोरल्याने तो आनंदाने मानला. महिनाभर तो गाड्यांचे व्हिडिओच बघत होता, त्याला बसायची घाई नव्हती.

"आई, प्रश्न एकच आहे," जावईबापू कपडे झटकत म्हणाले. "लाल गाडी एवढी स्वस्त का? इंजिन ठणठणीत, रंग चकाचक, किलोमीटरचा आकडा सांगतो की फारशी फिरलीच नाही. मग मालक विकतोय का? उत्तर, ही गाडी गुन्ह्यातली आहे."

"कशावरून, भाऊजी?" थोरल्याने विचारलं.

"ड्रायव्हरची सीट पार मागे ढकललेली आहे. मालकाला बघितलंत? ते दातांचे डॉक्टर, तिथे चहा पितायत. बुटके आहेत! म्हणजे गाडी चालवणारा वेगळाच कुणीतरी होता. उंच, निर्दयी, बहुधा डावखुरा."

"डावखुरा कशावरून?"

"ते अजून ठरायचंय. दुसरं, दाराच्या वरच्या कडेचा रंग झिजलाय. कुणीतरी धावत्या गाडीच्या छपराला लोंबकळत होतं. तिसरं, सीटखाली काठी. हत्यार! बँक लुटली असणार. निदान पतपेढी. आई, लालला हातही लावू नका. निळीच घ्या."

थोरल्याचा चेहरा खुलला. दलालाचा तर त्याहून जास्त. सासूबाईंचा हात पिशवीच्या नाडीवर गेला आणि तिथेच थांबला. सकाळपासून उभं राहून पाय भरून आले होते, आणि एवढ्या मोठ्या आवारात बसायला एक खुर्ची नव्हती. उभ्या उभ्या त्यांनी कधी नारळसुद्धा विकत घेतला नव्हता. त्यांनी दोरी वर केली, लाल गाडीचं दार उघडलं आणि आत बसल्या.

"आई! तुम्ही पुराव्यावर बसलात!"

"मऊ आहे हो तुमचा पुरावा."

बसल्या म्हणायचं एवढंच. सीट इतकी खाली होती की त्या विहिरीत उतरल्यासारख्या गेल्या. जरा टेकून झाल्यावर त्यांनी उठायला जोर लावला. काही हललं नाही. पुन्हा लावला. चप्पल तेवढी बाहेर आली. आयुष्यात कुणापुढे न वाकलेली ती बाई आता मान सोडून सगळीकडून वाकली होती.

चहाचा कप टाकून दातांचे डॉक्टर धावत आले.

"थांबा, थांबा, तसं नाही! आधी एक पाय बाहेर. सीट पार मागे ढकललेलीच आहे. आता वर छपराची कड धरा. काठी द्या हो कुणीतरी, सीटखाली आहे! हं, आता माझ्याबरोबर, एक, दोन..."

सासूबाई बाहेर आल्या. पदर सावरला, श्वास सावरला आणि डॉक्टरांकडे रोखून बघितलं.

"तुम्हाला बरं सगळं पाठ?"

"दवाखाना घराजवळच, पण गाडीतून रोज असाच निघायचो," डॉक्टर ओशाळले. "गुडघे गेलेत. परवा दवाखान्यासमोर पेशंटने ओढून काढलं मला. दात काढायला आला होता बिचारा. मग ठरवलं, येईल त्या भावात विकायची."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" जावईबापू कडाडले.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही विचारत होतात, प्रेत डिकीत मावतं का."

"तर मग लाल गाडी निर्दोष आहे!" जावईबापूंनी लगेच जाहीर केलं. "मी म्हणतच होतो. घ्या, लालच घ्या!"

"बस रे आत," सासूबाई थोरल्याला म्हणाल्या.

थोरला ऐटीत बसला. स्टिअरिंग धरलं, आरशात केस नसलेली बाजू बघितली, तोंडाने इंजिनाचा आवाजही काढला. मग उतरायला गेला आणि अर्ध्यावर अडकला. काठी झाली, छप्पर झालं. शेवटी डॉक्टर एका हाताला आणि धाकटी दुसऱ्या हाताला, असा तो बाहेर आला.

"निळी बघा ना साहेब, नवीन आहे," दलाल म्हणाला.

निळी तर आणखी खाली. तिच्यातून थोरला चक्क रांगत बाहेर आला आणि जमिनीवर हात टेकून तसाच राहिला. सासूबाईंच्या जिभेवर चार वाक्यं तयार होती. पोराचं तोंड बघून त्यांनी नुसती काठी पुढे केली.

"आई," थोरला खालूनच म्हणाला, "हिशोबात टायर धरले, ब्रेक धरले, विमा धरला, पेट्रोल धरलं. कंबर धरली नव्हती."

"आता धर."

तो कंबर धरून उठला. दोन्ही गाड्यांकडे एकदा बघून घेतलं, मग बहिणीकडे वळला. "तो गाळ्याचा मालक जवळच राहतो ना? चल, मी येतो बरोबर."

सासूबाईंनी नाडी सोडली आणि धाकटीच्या वाट्याचे पैसे तिच्या हातात ठेवले.

"केस सुटली!" जावईबापू नाक वर करून म्हणाले. "गुन्हेगार गुडघा! मला पहिल्यापासूनच संशय होता."

"धाकटे," सासूबाई म्हणाल्या, "दुकान उघडलंस की पहिला चष्मा जावईबापूंना कर. जाड काचांचा. बिल मी देईन."