शेपटीवाला गुलगुला

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वलीण मेली. गोष्टीची सुरुवात अशी करू नये, हे मलाही कळतं. पण मग तिने गोष्ट सुरू होईपर्यंत थांबायला हवं होतं. ती थांबली नाही.

तिचं नाव सुंद्राक्का. तिची ख्याती एकाच पदार्थासाठी होती. गुलगुले. घरातली केळी काळी पडली, साल हात लावताच सुटायला लागली, की सुंद्राक्का ती कुस्करायची. त्यात गूळ, चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढी कणीक. मग ते पीठ बोटांनीच गरम तेलात सोडायची. अस्वलिणीकडे कढई कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीत कढई असते.

बोटांवरून सुटताना पिठाला मागे ओघळ यायचा. तो तळून कुरकुरीत व्हायचा. ती गुलगुल्याची शेपटी. शेपटीवाल्या गुलगुल्यासाठी जंगलातली पिल्लं भांडायची.

गुहेच्या तोंडाशी एक कावळा बसायचा. तो भांडायचा नाही. सरळ कढईच्या काठावर उतरून उचलायचा. सुंद्राक्का झारा उगारायची.

"मेल्या, थंड तरी होऊ दे! चोच भाजेल!"

दर वेळी भाजायची.

सुंद्राक्काचा एक मुलगा होता, भानू. मुलगा म्हणजे कानामागे पांढरं झालेलं, चांगलं प्रौढ अस्वल. आजारी पडण्याआधी सुंद्राक्काने केळ्यांचा एक हिरवा घड गुहेत टांगून ठेवला होता. "पिकला की बघू," असं म्हणाली होती. मग तिची वाचा गेली. काही हवं आहे का, काही राहिलंय का, हे विचारायचं राहून गेलं. म्हणजे, भानूने विचारलं तर होतं. उत्तर आलं नव्हतं.

आता त्या जंगलात अशी रीत होती, की दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवायचा. कावळा शिवला, तर गेलेल्याची इच्छा राहिलेली नाही. तुमच्याकडेही असंच मानतात, म्हणून समजावत बसत नाही. भानूला तेवढंच हवं होतं. आई तृप्त गेली, असं कुणीतरी सांगायला हवं होतं.

"पिंडाशेजारी गुलगुले ठेवतो," भानू शेजाऱ्यांना म्हणाला.

हे बोलायला नको होतं. ताबडतोब समिती नेमली गेली.

कोल्हेसाहेब अध्यक्ष झाले. ससेबाई आरोग्य बघणार होत्या. पोपटराव दुःख बघणार होते. दुःखी प्राण्यांशी कसं बोलावं, याचं शिक्षण ते दुसऱ्या जंगलात घेऊन आले होते.

कोल्हेसाहेबांनी गुहेतला घड पाहिला आणि नाकाला शेपूट लावलं.

"भानू, ही केळी काळी आहेत."

"हो. आता झालीत."

"दहाव्याला काळी केळी? शेजारच्या जंगलातून पाहुणे येणार, वाघसाहेबांचा शोकसंदेश येणार, आणि आपण कुजकी केळी तळणार?"

"आई काळीच घ्यायची."

"तिची परिस्थिती तेवढीच होती रे. जंगलाची तशी नाही."

घड उकिरड्यावर गेला. पिवळीधमक केळी आली, सगळी एकाच बाकाची. ससेबाईंनी गूळ निम्मा केला आणि तेल बंद केलं. पीठ साच्यात घालून वाफवलं.

"बघा, कसे एकसारखे झालेत," त्या म्हणाल्या. "त्या शेपट्या फार गबाळ्या दिसायच्या. पण बोलायचं कसं, म्हणून गप्प बसायचे मी."

पोपटरावांनी भानूचा पंजा पंखात घेतला. "तुला या क्षणी नेमकं काय वाटतंय?"

"भूक लागलीय."

"याला आम्ही दुःख नाकारणं म्हणतो," पोपटराव हळूच ससेबाईंना म्हणाले.

नदीकाठी पिंड ठेवला. शेजारी हिरव्या पानावर पांढरट, गोल, गुळगुळीत गुलगुले. उंबराच्या फांदीवर तोच कावळा येऊन बसला. त्याने एका डोळ्याने पानाकडे पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. आणि तो हलला नाही.

"काहीतरी इच्छा राहिली म्हणायची," जमाव कुजबुजला.

अशा वेळी गेलेल्याला शब्द द्यायचा असतो. कोल्हेसाहेब पुढे झाले. "सुंद्राक्का, तुमच्या नावाने पाणवठ्याला कमान उभारू!"

कावळ्याने पंख खाजवला.

"सुंद्राक्का, तुमच्या नावाने पिल्लांची वजनं तपासू!" ससेबाई म्हणाल्या.

कावळ्याने पाठ फिरवली.

"सुंद्राक्का, आम्ही तुम्हाला निरोप द्यायला मनाने तयार आहोत," पोपटराव म्हणाले.

कावळा शिटला.

शेवटी भानू पुढे गेला. त्याला मोठ्याने बोलता आलं नाही. "आई, काय राहिलं गं?"

कावळ्याने मान वळवली. पण खाली आला नाही.

ऊन उतरायला लागलं. पाहुण्यांना लांब जायचं होतं. कोल्हेसाहेबांनी घसा साफ केला. "दर्भाचा कावळा करून त्याचा स्पर्श करून घेऊ. ते चालतं."

"पण खरा कावळा समोर बसलाय," भानू म्हणाला.

"तो सहकार्य करत नाहीये."

भानू उठला. कुणाला वाटलं, रडायला गेला. पोपटराव समाधानाने मागे निघाले, पण भानू उकिरड्यावर गेला आणि घड उचलून आणला. गुहेतून कढई, झारा आणि बाकीचं सामान आणलं. नदीकाठीच तीन दगड मांडून चूल पेटवली. केळी कुस्करली, गूळ घातला, मीठ घातलं. कणीक किती ते त्याला ठाऊक नव्हतं. मावेल तेवढी घातली. त्याची बोटं आईपेक्षा जाड होती, पहिलं पीठ भसकन पडलं आणि तेल उडालं. दुसरं नीट सुटलं. तळाशी गेलं, वर आलं, गोल फिरलं. मागे लांब शेपटी.

तोच वास. पाहुणेसुद्धा बोलायचे थांबले.

काळं काहीतरी सपकन खाली आलं आणि कढईच्या काठावर बसलं.

"मेल्या, थंड तरी होऊ दे!" भानू ओरडला. "चोच भाजेल!"

आणि झारा उगारलेला तसाच राहिला.

कावळाही गुलगुला चोचीत धरून तसाच राहिला. चोच भाजत होती, तरी. मग त्याने तो गिळला, उडत जाऊन पिंडावर चोच मारली आणि परत कढईपाशी येऊन बसला.

"शिवला! शिवला!" जंगल ओरडलं.

"कमानीचा शब्द दिला ना, म्हणून शिवला," कोल्हेसाहेब पाहुण्यांना म्हणाले. ससेबाईंच्या मते तो वजनांमुळे शिवला. पोपटरावांनी नुसते डोळे मिटले, म्हणजे श्रेय त्यांच्याकडे आपोआप आलं. तिथल्या तिथे ठरलं, की दर वर्षी सुंद्राक्का स्मृती गुलगुले स्पर्धा घ्यायची. केळी पिवळी असावीत. गुलगुले वाफवलेले असावेत. शेपटी आढळल्यास स्पर्धक बाद.

टाळ्या चालू असताना भानू चुलीपाशी खाली बसला.

"काका," त्याने कावळ्याला हळूच विचारलं, "आईची काय इच्छा राहिली होती?"

"तिचं मला काय माहीत? कावळा आहे मी," कावळा म्हणाला. "माझी राहिली होती."

त्याने कढईत डोकावलं.

"शेपटीवाला अजून आहे का रे एखादा?"

भानूने दुसरा घाणा सोडला.

तात्पर्य : गेलेल्याची शेवटची इच्छा ओळखायची असेल, तर समिती नेमावी. कावळा शिवला, तर समितीमुळे शिवला. नाहीच शिवला, तर दर्भ आहेच. केळी मात्र काळी पडायच्या आत टाकून द्यावीत. नाहीतर कुणाला तरी आई आठवते, आणि कार्यक्रमाला उशीर होतो.