सहाशे अकरा स्ट्राइक्स

एक्सेल शीटमध्ये मी काहीही सिद्ध करू शकतो, हे आधीच सांगून ठेवतो. सिअ‍ॅटलच्या एका इन्शुरन्स कंपनीत बावीस वर्षं हेच काम करतोय. कुठल्या गावात कुठल्या महिन्यात किती बेसमेंटमध्ये पाणी शिरेल, हे त्या बेसमेंटवाल्यांच्या आधी मला कळतं. त्यामुळे गेल्या डिसेंबरात वेन्डलची नोकरी धोक्यात आली तेव्हा मी बायकोला, शैलजाला, शांतपणे म्हणालो, "तू काळजी करू नकोस. मी आकडे काढतो."

तोपर्यंत तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. ती हे वाक्य ऐकल्यावर आली.

वेन्डल आमच्या बेसमेंटमध्ये राहायचा. आमच्या बॉथेल गावाचा एक छोटा बेसबॉल संघ आहे, हेरन्स. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या लीगशी त्याचा काही संबंध नाही. ही आपली सहा गावांची, सहा संघांची लीग. खेळाडू प्रोफेशनल, म्हणजे पगार मिळतो, पण त्या पगारात इथे भाड्यानं फार तर कुणाचं गॅरेज मिळेल. म्हणून गावातली कुटुंबं खेळाडूंना उन्हाळ्यापुरतं घरी ठेवून घेतात. आमची अनिका कॉलेजला गेली, घर रिकामं वाटायला लागलं आणि शैलजानं संघाकडे नाव देऊन टाकलं. मला वाटलं, विशीतला कुणीतरी येईल. आला तो पस्तिशीचा, दोन्ही गुडघ्यांना बर्फ बांधून जिना उतरणारा, नेब्रास्काचा वेन्डल. उन्हाळ्यापुरता आला आणि तीन वर्षं राहिला. हिवाळ्यात तो शाळेची बस चालवायचा आणि रविवारी आमच्याबरोबर थालीपीठ खायचा.

आमच्याकडे येणारी मराठी मुलं शैलजाला काकू म्हणतात, त्यामुळे त्याला वाटलं ते तिचं नावच आहे. संघाच्या फॉर्मवर यजमानांच्या रकान्यात त्यानं 'मिसेस काकू' लिहिलं. संघाची मालकीण डोना, जी एरवी दातांची डॉक्टर आहे, ती आजही शैलजाला मिसेस काकू म्हणते. मला तो पॅरी म्हणायचा. परीक्षित त्याच्या तोंडात मावत नव्हतं.

आता थोडा खेळ समजून घ्या, नाहीतर माझा पराक्रम कळणार नाही. पिचर चेंडू टाकतो, बॅटर उभा असतो. चेंडू बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या एका अदृश्य चौकटीतून गेला तर तो 'स्ट्राइक', बाहेरून गेला तर 'बॉल'. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, तीन बॅटर बाद झाले की डाव संपला. चेंडू आत असला तर तो 'बॉल' नसतो, हे आम्हा क्रिकेटवाल्यांना पचायला दोन सीझन लागतात. आत की बाहेर हे ठरवतो मागे उभा असलेला अंपायर, आणि त्याच्या पुढ्यात उकिडवा बसलेला असतो कॅचर. म्हणजे आपला वेन्डल.

वेन्डलची कला अशी, की चौकटीच्या दोन बोटं बाहेरून आलेला चेंडू तो इतक्या हळुवारपणे झेलायचा आणि झेलताझेलता आत घ्यायचा, की अंपायर डोळ्यांनी पाहून सांगायचा, "स्ट्राइक." फसवणूक म्हणावी तर नियमात याला कुठेही मनाई नाही. एकदा त्यानं आम्हाला स्वयंपाकघरात लिंबू झेलून दाखवलं. शैलजा टाकत होती, मी मागे उभा राहून पाहत होतो. दहा वेळा पाहूनही मनगट कधी हललं ते मला सांगता आलं नाही. चौदा वर्षं हा माणूस याच मनगटावर जगत होता.

आणि डिसेंबरात बातमी आली. जानेवारीतल्या बैठकीत सहा मालक नव्या नियमावर मत देणार होते. पर्याय दोन. पहिल्यात आत-बाहेर सगळं कॅमेऱ्यांचं मशीनच ठरवणार, अंपायरनं फक्त ओरडायचं. दुसऱ्यात अंपायरच ठरवणार, पण निर्णय पटला नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचरनं लगेच डोक्यावर हात मारायचा आणि मशीनकडे दाद मागायची. प्रत्येक संघाला सामन्यात अशा तीनच संधी, आणि बाहेरून कुणी सांगायचं नाही.

डोनानं वेन्डलला फोन करून सांगितलं, की मतदान होईपर्यंत करार थांबवते. मशीन मनगटाला फसत नाही. सगळं मशीनच बघणार असेल तर दुखऱ्या गुडघ्यांचा अडतीस वर्षांचा कॅचर कशाला ठेवायचा? वेन्डलनं हे आम्हाला भांडी विसळता विसळता सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. फक्त एकच पातेलं तो बराच वेळ विसळत राहिला.

म्हणून मी आकडे काढले.

हेरन्सचे सगळे सामने इंटरनेटवर असतात. मी महिनाभर सकाळ-संध्याकाळ ते पाहिले, एक प्रोग्राम लिहिला, एकेक चेंडू मोजला. ख्रिसमसच्या सुट्टीत लोक ओरेगॉनच्या किनाऱ्यावर गेले, मी वेन्डलच्या मनगटाकडे पाहत बसलो. उत्तर आलं तेव्हा खुर्चीतून उठलोच. तीन सीझनमध्ये, चौकटीच्या स्पष्ट बाहेर असूनही वेन्डलमुळे स्ट्राइक ठरलेले चेंडू: सहाशे अकरा. वेन्डल किती मोलाचा आहे हे सिद्ध करणारा अठ्ठेचाळीस पानांचा रिपोर्ट मी केला. प्रत्येक चेंडूला लाल ठिपका, प्रत्येक अंपायरचा वेगळा तक्ता.

शैलजानं विचारलं, की वेन्डलला दाखवलंस का. मी म्हटलं, सरप्राइज आहे. मग तिनं विचारलं, की हे नुसतं डोनाला पाठवणार ना. मी तिला समजावलं, की मत सहा मालक देणार आहेत, मग एकटीलाच कशाला? लीगनं वेबसाइटवर प्रेक्षकांच्या सूचना मागवल्या होत्या. तिथेच रिपोर्ट टाकला, सगळ्यांना दिसेल असा.

तासाभरात लीगच्या कमिशनरांचं उत्तर आलं. इतकं उपयुक्त काम त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं, आणि मी याकिमाच्या बैठकीत येऊन ते स्वतः मांडावं अशी त्यांची विनंती होती. मी ते पत्र शैलजाला दोनदा वाचून दाखवलं, अनिकाला फोनवर एकदा.

याकिमाला जायचं तर बर्फातला घाट ओलांडावा लागतो आणि बर्फात मी गाडी चालवत नाही. त्यामुळे वेन्डलनंच आम्हाला त्याच्या पिकअपमधून नेलं. भर बर्फात उतरून त्यानं चाकांना साखळ्या बांधल्या, आणि मी आत हीटरसमोर बसून त्याच्या बचावाचं भाषण घोकत होतो.

हॉटेलच्या त्या हॉलमध्ये सहा मालक, कमिशनर, मशीन विकणारा एक तरुण आणि अंपायरांच्या वतीनं हॅल नावाचे म्हातारे अंपायर होते. वेन्डल शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला. मी रंगात आलो होतो. लाल ठिपके पडद्यावर आले तशी कुजबुज झाली. मला ती कौतुकाची वाटली. हॅल यांच्या नावाचा तक्ता आला. त्यात दोनशे चार ठिपके होते. ते चष्मा काढून पुसायला लागले.

वालावाला गावाच्या संघाचे मालक कांद्याचे मोठे शेतकरी आहेत. (वालावाला हे खरंच इथलं गाव आहे. शैलजाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी बिरड्याबद्दल बोलतोय.) त्यांनी विचारलं, "म्हणजे या एका माणसानं तीन वर्षांत आमचे सगळ्यांचे मिळून सहाशे अकरा चेंडू खाल्ले?"

"कमीत कमी," मी अभिमानानं म्हणालो.

कमिशनरांनी माझे आभार मानले. अंपायरच्या डोळ्यांवर का विसंबू नये याचा इतका भक्कम पुरावा त्यांना कुठे मिळाला नसता, असं म्हणाले. आता पहिल्याच पर्यायावर जेवणानंतर मत घेऊ, असंही म्हणाले. मी हसत खाली आलो. खुर्चीवर बसलो. आणि बसल्यावर कळलं.

"परीक्षित," शैलजा हळूच म्हणाली, "तू त्याला वाचवायला आला होतास ना?"

जेवण मला गेलं नाही. पार्किंगमध्ये वेन्डल साखळ्या तपासत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. माफी मागायची तर सुरुवात कुठल्या पानापासून करायची? त्यानंच हात पुसले.

"पॅरी, मी चौदा वर्षं काय करत होतो, ते कुणी मोजलंच नव्हतं," तो म्हणाला. "मलासुद्धा माहीत नव्हतं. खरंच सहाशे अकरा?"

मी मान हलवली.

"मला एक प्रिंट देशील? आईला पाठवतो."

मी आयुष्यात पुष्कळ रिपोर्ट लिहिले. कुणाच्या आईला पाठवण्यासारखा हा एकच. मी दुसरीकडे तोंड करून उगाचच बर्फाकडे पाहत राहिलो.

जेवणानंतर मशीनवाल्या तरुणानं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. पडद्यावर चेंडू येणार, तो चौकटीपाशी पोचला की चित्र थांबणार, हॉलमधल्यांनी आत की बाहेर सांगायचं, मग मशीन खरं उत्तर दाखवणार. चोवीस चेंडू. मालकांनी हौसेनं ओरडून सांगितलं आणि निम्मे चुकले. हॅल यांचे अठरा बरोबर आले आणि सहा चुकले. कमिशनर समाधानानं हसले.

तेवढ्यात शैलजानं हात वर केला. प्रेक्षक म्हणून आलेल्यांना एक प्रश्न विचारता येत होता. डोना म्हणाली, बोला मिसेस काकू.

"वेन्डलला विचारलंत का?" शैलजा म्हणाली. "रेषेच्या बाहेरचा चेंडू चौदा वर्षं जो आत दाखवत आलाय, त्याला रेषा कुठे आहे हे तुमच्या मशीनइतकंच माहीत असणार."

वेन्डल नाही नाही म्हणत होता, पण हॅल यांनीच त्याला पुढे बोलावलं. चेंडू नवे होते, त्यानं आधी पाहिलेले नव्हते. तो पडद्यासमोर खुर्चीत न बसता सवयीनं उकिडवा बसला. गुडघे वाजलेले मला दुसऱ्या रांगेत ऐकू आले. आत. बाहेर. बाहेर. आत. तो इतक्या सहज सांगत होता, जणू मशीनचं उत्तर त्याला आधीच दिसत होतं. बाराव्या चेंडूनंतर लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या. विसाव्यानंतर कांदेवाले मालक उभे राहून पाहायला लागले. एकविसावा चुकला. वेन्डल आत म्हणाला होता, मशीननं अर्धा इंच बाहेर दाखवला. बाकी तेवीसच्या तेवीस बरोबर.

"हा स्ट्राइक मात्र मी हॅलकडून मिळवला असता," वेन्डल म्हणाला.

सगळ्यात आधी हॅल हसले.

आता चित्र सगळ्यांनाच दिसलं. दुसरा पर्याय घेतला तर दाद कधी मागायची हे क्षणात ठरवावं लागणार, आणि असा डोळा ज्याच्याकडे असेल तो संघ जिंकणार. मत झालं. चार विरुद्ध दोन, दुसरा पर्याय मंजूर. अंपायर राहिले, कॅचर राहिले. मी शैलजाचा हात इतक्या जोरात दाबला, की तिनं तो सोडवून घेतला. मला वाटलं, शेवटी माझ्याच रिपोर्टमुळे हे घडलं, नाही का?

घडलं खरं. डोना पर्समध्ये कराराचे कागद शोधत होती तोवर कांदेवाले मालक वेन्डलशी बोलून मोकळेसुद्धा झाले. त्यांच्या हातात माझा रिपोर्ट होता, पानापानावर खुणा केलेला. दोन वर्षांचा करार, वर तरुण कॅचरांना शिकवण्याचं काम. वेन्डलला असं काम आजवर कुणी देऊ केलं नव्हतं. परतीच्या वाटेवर घाटमाथ्यावर गाडी थांबवून त्यानं आम्हाला ते सांगितलं. शैलजा म्हणाली, छान झालं, आणि मग खिडकीबाहेर पाहत बसली. मार्चमध्ये तो गेला तेव्हा तिनं तीन किलो भाजणी बांधून दिली आणि पीठ किती सैल भिजवायचं ते कागदावर लिहून दिलं.

मे महिन्यात वालावालाचा संघ बॉथेलला आला. आम्ही दोघं हेरन्सच्या टोप्या घालून बसलो होतो, पुढच्याच रांगेत डोना. शेवटचा डाव, हेरन्स एका धावेनं मागे, दोन जण बाद, बॅटरवर दोन स्ट्राइक, मैदानावर आमचे दोन खेळाडू पळायच्या तयारीत. चेंडू आला. अंपायर म्हणाला, बॉल. आमचे लोक ओरडायला लागले. वेन्डलनं मागे वळूनही न पाहता हात हेल्मेटवर टेकवला. मोठ्या पडद्यावर चेंडूचं चित्र सरकत आलं आणि चौकटीच्या कोपऱ्याला जेमतेम चिकटलं. तिसरा स्ट्राइक. बॅटर बाद, सामना संपला, आम्ही हरलो.

मी टाळ्या वाजवत उभा राहिलो होतो. सगळं स्टेडियम गप्प आणि माझ्या एकट्याच्या टाळ्या. डोनानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी ताबडतोब बसलो. शैलजा मात्र अजून उभीच होती आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवत होती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तिला शिट्टी येते हे मला त्या दिवशी कळलं.

बाहेर पडताना डोनानं विचारलंच, की तुम्ही कशासाठी उभे राहिला होतात. मी म्हणालो, पायाला मुंग्या आल्या होत्या.