अणदूरचा एका मिनिटाचा पाऊस

सोमेशने भरलेला फॉर्म कधी परत येत नाही, अशी धाराशिवच्या आमच्या कार्यालयात माझी ख्याती आहे. ती मीच पसरवलेली आहे. रिकामा रकाना दिसला की मला चैन पडत नाही. म्हणूनच गावोगावच्या जुन्या पावसाच्या नोंदी हवामानाच्या जागतिक संग्रहात चढवायचं काम नंदा मॅडमनी माझ्याकडे दिलं. समुद्र आणि जमीन, दोन्हींसाठी फॉर्म एकच होता. 'समुद्राची खोली' या रकान्यात मी अणदूरपुढे शून्य लिहिलं. रिकामा कशाला ठेवायचा!

अणदूरच्या गिरिजाबाईंनी सदतीस वर्षं परसातला पर्जन्यमापक सांभाळला होता. रोज सकाळी पाणी मोजायचं, आकडा खडूने भिंतीवर लिहायचा, आणि नक्षत्र संपलं की बेरीज वहीत उतरवून भिंत पुसून टाकायची. वहीत एवढंच: 'हस्त, १४२ मिलिमीटर.' ही वही संग्रहात जावी, एवढी एकच इच्छा बाईंना होती. माझ्या हातात देण्याआधी त्यांनी ती पदराने पुसली.

फॉर्ममध्ये पुढे रकाना होता: 'वेळेची अचूकता'. खाली पर्याय: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट. हाताशी मिनिट असताना दिवस निवडणारा माणूस कामचुकार, असं माझं मत. पण मिनिट आणायचं कुठून? मी तुळजापुरातून सदतीस वर्षांची पंचांगं गोळा केली. सूर्य कोणत्या नक्षत्रात कधी शिरला, हे त्यात मिनिटापर्यंत छापलेलं असतं. प्रत्येक बेरजेपुढे ती वेळ टाकली आणि बेधडक 'मिनिट' निवडलं. वर्षाला पावसाची नऊ नक्षत्रं, अशा तीनशे तेहेतीस नोंदी! मॅडमना म्हटलं, असं काम पुण्यातसुद्धा कोणी करत नसेल.

खरंच कोणी करत नव्हतं. आठवड्याच्या आत वरून पत्र आलं. अणदूर येथे सत्तावीस सप्टेंबरला सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी, एका मिनिटात १४२ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढचे तेरा दिवस थेंबही नाही. अशा एकूण तीनशे तेहेतीस घटना. वही बनावट दिसते. चौकशी करून बाद करावी.

चौकशीला रामकिसन नावाचे साहेब आले. त्यांच्या शेजारी जीपमध्ये बसून मी अणदूरला गेलो. माझं काय व्हायचं ते होवो, पण बाईंची वही माझ्यापायी बाद झाली तर त्यांना तोंड कसं दाखवायचं?

साहेबांनी ओट्यावर बसून विचारलं, त्या मिनिटात गावातलं काय काय वाहून गेलं. बाईंनी बराच वेळ आठवून पाहिलं. एक चप्पल गेली होती, म्हणाल्या, पण ती कुत्र्याने नेली. मग साहेबांनी सहा बाराचं विचारलं.

"ते मी न्हाय लिवलं," बाई म्हणाल्या. "हस्तात पडला, एवढं मला ठावं हाय. कुठल्या घटकेला, ते ठावं असतं तर लिवलं नसतं व्हय?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवीतून पंचांग काढून पुढे केलं.

"साहेब, वेळ छापील आहे."

"सूर्याची हाय," साहेब म्हणाले. "पावसाची कुठं हाय?"

मग मी कबूल केलं. वेळ बाईंची नाही, पावसाची नाही, माझी आहे. साहेबांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली.

"आजींना जेवढं ठावं, तेवढंच त्यांनी लिवलं," ते म्हणाले. "अचूक ह्यालाच म्हणत्यात."

नक्षत्राचा पहिला दिवस आणि शेवटचा दिवस टाका, अचूकता 'दिवस' निवडा, आणि ही सगळ्या दिवसांची बेरीज आहे असं शेऱ्यात लिहा, असं त्यांनी मला समजावलं. तीनशे तेहेतीस वेळा. बाईंनी आम्हा दोघांना गूळ-शेंगदाणे दिले. मला जरा जास्तच दिले, त्याची मला लाज वाटली.

वही संग्रहात गेली. गिरिजाबाईंच्या नावापुढे 'विश्वसनीय' असा शेरा आहे. त्याच्याखाली जगभरच्या अभ्यासकांसाठी आणखी एक ओळ आहे: 'पहिली आवृत्ती वापरू नये, तिच्यातल्या वेळा नोंद चढवणाऱ्याने मनाने भरल्या होत्या.' आणि त्यापुढे माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

आईला मी एवढंच सांगितलं की माझं नाव जागतिक संग्रहात आलं. तिने गल्लीभर पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.