कूर्चा पद्धतीनं फरशी दुरुस्ती

नालीच्या कडेला विटेएवढा एक दगड.

सेलूच्या जिनिंगकडं निघालेला कापसाचा टेम्पो, त्यात मोठ्यानं लागलेलं गाणं.

गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिनी नसते, मज्जातंतूही नसतो.

चहात वेलची जास्त.

खडक्.

हा शेवटचा आवाज कस्तुराबाईंच्या दारातल्या नालीवरच्या फरशीचा. घराबाहेर पडायची वाट तेवढी एकच. फरशी कलली, बाई घसरल्या आणि उजवा गुडघा कडेवर आपटला.

समोरच्या नागुबाई चहाचा कप घेऊन ओट्यावर आल्या. "पडलीस का गं, कस्तुरा?"

"न्हाई. नाली साफ हाय का बघायलेय."

परभणीच्या डॉक्टर रुद्राणींनी गुडघा तपासला. हाड शाबूत होतं, त्यावरची गादीसारखी कूर्चा दुखावली होती.

"कूर्चेच्या पेशींभोवती एक जाळी असते," त्या म्हणाल्या. "तिच्यात वाढघटक नावाची प्रथिनं बांधून ठेवलेली असतात. मार बसला की ती सुटतात आणि पेशींना लगेच वर्दी देतात."

"म्हंजे दुरुस्ती सुरू झाली म्हणा की."

"वर्दी लगेच जाते. दुरुस्ती मात्र क्वचितच पुरी होते. आणि पुन्हा पुन्हा मार बसला, तर त्याच पेशी कूर्चा कुरतडणारी द्रव्यं सोडायला लागतात. तिथंच परत आपटलात, मावशी, तर चालणं जाईल."

कस्तुराबाईंना नाली ओलांडायची बंदी झाली, म्हणून ग्रामसभाच त्यांच्या दारी भरली. सभा नालीपलीकडं, बाई अलीकडं.

"फरशी हलते, याची कार्यालयाला रीतसर खबर आहे का?" ग्रामसेवक योगीराज यांनी गंभीरपणे विचारलं.

"माझ्या गुडघ्याला अर्ज लागला न्हाई, साहेब. मार बसला की आतल्या आत वर्दी गेली."

"मग दुरुस्ती झाली?"

बाई खोटं बोलत नसत. "डॉक्टरीन म्हणली, क्वचितच होती."

सभेनं समाधानानं माना डोलावल्या.

"ही तर आपलीच पद्धत की," सरपंच तात्याराव सद्गदित होऊन म्हणाले. "आन् त्या कूर्चेला दुखतं का?"

"तिला सोताला कायबी कळत न्हाई म्हणं."

"तंतोतंत."

कूर्चा पद्धत एकमतानं मंजूर झाली. गावातले चार धडधाकट गडी वाढघटक म्हणून नेमले आणि विजेच्या खांबाला सुती दोरीनं बांधले. फरशीवर कुणी पडलं की दोरी सुटणार आणि त्यांनी कार्यालयात वर्दी द्यायची. मार बसण्याआधी सुटणं हा शिस्तभंग ठरला.

"आन् मार कोन खानार?" नागुबाईंनी विचारलं.

"ते लोकसहभागातून," योगीराज म्हणाले. सगळ्यांनी कस्तुराबाईंकडं बघितलं. गावात अनुभव त्यांनाच होता.

"मावशी, एकदा हळूच पडून दाखवा," योगीराज म्हणाले.

"गुडघा माझा आन् तालीम तुमची? सरपंचानं पडावं. मान त्येंचा हाय."

मानाचा प्रश्न आल्यावर तात्यारावांनी धोतर सावरलं. "लय सोपं हाय. असं सावकाश पाय..."

खडक्.

दोऱ्या सुटल्या. वाढघटक धावले आणि कार्यालय बंद असल्याची वर्दी घेऊन परत आले, कारण कार्यालय सभेला आलं होतं.

"तोंडी वर्दी चालणार नाही," योगीराज म्हणाले. "पुरावा जोडा."

वाढघटकांनी पुरावा म्हणून फरशीचा एक टवका काढून नेला. कुलूप तसंच होतं, म्हणून पुन्हा आले, पुन्हा टवका नेला. नालीत बसलेले सरपंच त्यांची चपळाई बघून हरखले आणि त्यांना शाबासकी देत राहिले. ऊन उतरेपर्यंत सगळा पुरावा कार्यालयाच्या दारात जमला आणि नालीवर फरशी उरली नाही. फरशी हलण्याची तक्रार कायमची मिटल्याचं जाहीर झालं. टाळ्या वाजल्या.

कस्तुराबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. पलीकडून नागुबाईंनी हात लांबवून चहाचा कप पुढं केला. कप पोचत होता, बाई पोचत नव्हत्या.

"फरशीखाली लावायला कुनाला एक दगडबी सुचला न्हाई, नागू."

दगड या गोष्टीच्या पहिल्याच ओळीत होता. तुम्हीही तो ओलांडूनच इथवर आलात.

मागच्या दिवाळीत तो दगड फरशीखाली घट्ट बसला होता, आणि चपला झटकायला बरा म्हणून कस्तुराबाईंनीच तो काढून घेतला होता.