गडबच्या शिवारी राघूंचा मोड आणि दसऱ्याच्या मोटरीची बखर

श्रीगजानन प्रसन्न. पेण प्रांती, मौजे गडब येथे, भाताची कणसे पिवळी होऊन वाकली असता राघूंनी जी धामधूम मांडिली, आणि तिचे पारिपत्य आकाशमार्गे कैसे जाहले, ती हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. वाचणाराने चहा आधी घेऊन बसावे.

गनीम हिरवा, चोचीने लाल. नित्य प्रातःकाळी चालून येई आणि कणसे तोडून अर्धी खाई व अर्धी बांधावर फेकून मुलखाची बेअदबी करी. त्याजवर इलाज म्हणोन राजश्री दिनेशजी, रोह्याच्या कंपनीत शिफ्टचे मनसबदार, यांनी थर्माकोलचे रिमोटवाले विमान मागविले. मातोश्री धोंडुबाईसाहेब यांस हा खेळ वाटला. फर्मान सुटले, की आज दसरा. दिवस मावळण्याआत राघू हटले तर उत्तम, न हटल्यास विमान शेतात बांबूवर उलटे टांगून त्याचे बुजगावणे करण्यात येईल. फर्मानापाठी बांबूही रोविला गेला. दिनेशजींचा चेहरा उतरला.

मग मातोश्रींनी चालीप्रमाणे कोयता, विळे, मोटारसायकल आणि मिक्सर यांची पूजा केली, आणि विमानाचा पंखा हाती येताच त्याच्या एका पात्यास ओले हळदकुंकू व अक्षता सढळ हाते थापिल्या.

तदनंतर दिनेशजींनी विमानाच्या नाकाडात मोटर बसवून चार स्क्रू आवळिले, मोटरीच्या तीन तारा वेग सांभाळणाऱ्या डबीस जोडिल्या, पंखा चढविला आणि पडवीत विमान शेपटीस धरून कळ दाबिली. तोंच विमान पुढे ओढ घेण्याऐवजी मागे सरोन थेट खाशांच्या पोटावर चालून आले, आणि दारची झेंडूची माळ वाऱ्याने उडून मातोश्रींच्या डोईवर पडली.

भगिनी स्वप्नाली, रोह्यास आयटीआयमध्ये वीजतंत्रीचे काम शिकणारी, हे पाहून वदली, "दादा, शेतावरला पंप उलटा फिरतो तेव्हा काय करतोस? तीनातल्या कुठल्याबी दोन तारा आपसात बदल ना." तारा बदलिल्या आणि मोटर सुलट फिरली, परंतु दुसरेच अरिष्ट उद्भवले. विमान हिवताप आल्यागत थडथडू लागले, आणि स्क्रू जों जों आवळावे तों तों ढिले होऊ लागले. सूर्य कलता जाहला. राघू बांबूवर बसोन मौज पाहात होते.

अखेर स्वप्नालीने पंखा काढून दाभणावर टांगिला. कुंकवाचे पाते धाडकन खाली गेले. कारण उमगताच दिनेशजींनी फडके उचलिले.

"अरं, दसऱ्याचं कुकू पुसतोस?" मातोश्री आडव्या आल्या. "हात तर लाव."

"आये, वजन होतंय त्याचं."

"व्हवू दे. नाय पुसायचं."

मसलत थांबली. कोणी मागे हटेना. मग स्वप्नाली हळूच म्हणाली, "आये गो, एका पात्याला लावलंस, दुसऱ्यानं काय केलंय?"

मातोश्री विचारात पडल्या. "व्हय की. ह्ये रुसलंय म्हणून थडथडतंय." आणि ताट घेऊन बैसल्या. दाभणावर पंखा, चिमटीत कुंकू. स्वप्नालीने "आनी थोडं" म्हणावे आणि मातोश्रींनी एकेक अक्षत चिकटवावी, ऐसे करिता दोन्ही पाती समपातळीस येऊन निश्चळ राहिली. हळद वाळताच पंखा चढविला. आता मोटर ऐसी फिरली, की जणू तुपात बोट.

मग विमानाने बांधावरून कूच केले आणि घोंघावत दोन घिरट्या घातल्या. गनिमाची दाणादाण उडाली. तो पळाला तो थेट शेजारी कमळाकरजींच्या शेतात. त्यांनी बांधावरून पुसिले, "दिनेश, ही तुझी पाव्हणी माझ्याकडं किती दिवस?" त्यांच्या कुमकेस उभा बांबू उपटून तात्काळ देण्यात आला.

येणेप्रमाणे दिवस असता राघू हटले, विमान बचावले, आणि फत्ते दफ्तरी दाखल जाहली. सांजेस मातोश्रींनी विमानास सोने दिधले: आपट्याची दोन पाने, एक या पंखावर, एक त्या पंखावर. देण्यापूर्वी ती दोन्ही तळहातांवर जोखून पाहिली, आणि एकाचा देठ किंचित खुडिला.