सदतिसावं प्रमाण

मकबूलभाईंच्या पत्राला शेषेरावांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता दहा वर्षं होऊन गेली होती. पत्र भूकंपानंतर पंधरा दिवसांत आलं होतं. 'तुम्ही आणि वहिनी खैरियतीत आहात ना, एक ओळ लिहा,' एवढाच मजकूर. खाली मात्र ताजा कलम होता. 'विष्णुपुरीच्या धरणावर त्या दिवशी तुम्ही डब्यातले जे गोळे गळाला लावून सहा किलोंचा कटला मासा धरलात, ते कसे करता तेही लिहा. असा वास होता, की खरं सांगतो, मलाच खावेसे वाटले.'

खैरियतीची ओळ लिहायला दोन मिनिटं पुरली असती. पण शेषेराव जन्मभर ग्रंथपाल. वाचकानं दोन गोष्टी विचारल्या आणि आपण एकीचंच उत्तर देऊन मोकळे झालो, हे त्यांना पटेना. गोळ्यांचं प्रमाण त्यांनी त्या दिवशी लिहून ठेवलं नव्हतं. आधी प्रमाण नक्की करू, मग दोन्ही एकदम कळवू, असं ठरवून त्यांनी एक वही घातली. दहा वर्षांत वहीत छत्तीस प्रमाणं झाली. मांजरेच्या बंधाऱ्यावर त्यांतल्या एकालाही कटल्यानं तोंड लावलं नाही. शेषेराव हयात आहेत, ही बातमी मकबूलभाईंना कोणाच्या तरी लग्नात भेटलेल्या ग्रंथालयाच्या एका जुन्या शिपायाकडून कळली.

आणि आता हे कार्ड आलं होतं.

'शेषेरावसाब, सलाम. डोळ्याचं ऑपरेशन झालं. बिलाल म्हणतो, अब्बा, आता नदी बंद. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो मला विष्णुपुरीला शेवटचं नेणार आहे. गोळ्याचं सांगायचं नसेल तर सांगत नाही असं लिहा, मला राग नाही. पुस्तक बांधायच्या खळीत काय घालतो ते मीही कोणाला सांगत नाही. पण तुम्ही गप्प बसलात, त्याचं लई वाईट वाटून राहिलंय.'

शेषेरावांनी कार्ड तीनदा वाचलं. मकबूलभाई नांदेडला त्यांच्या ग्रंथालयाची पुस्तकं बांधून देत. शेषेरावांना आयुष्यात जो एक मित्र झाला तो हाच, आणि तोही पुस्तकांच्या पाठी फाटत होत्या म्हणून. रविवारला बारा दिवस उरले होते.

"अगं, पेंड आहे का घरात?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"आपल्याकडं म्हैस हाय का पेंड असायला?" सिंधुताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. त्यांना मान वर करायला सवड नव्हती. भूकंपाच्या आधीच शेषेराव निवृत्त होऊन लातूरला आले होते; नंतर गावात कोचिंग क्लासचं पीक आलं. भूकंपानंतर सहा महिने अंगणात झोपलेली त्यांची गल्ली आता खोलीखोलीत चार-चार कॉट टाकून बसली होती. सिंधुताईंनीही पुढच्या दोन खोल्यांत बारावीच्या आठ मुली ठेवल्या होत्या आणि दोन वेळच्या जेवणाची मेस काढली होती.

शेषेरावांनी बाजारातून भुईमुगाची पेंड आणली. ती कुटली, चाळली. तीत भाजलेल्या डाळीचं पीठ, गूळ, मेथी, बडीशेप, चमचाभर तूप आणि दोन चिमटी हिंग घातला. वहीत 'प्रमाण क्रमांक ३७' असं लिहून खाली रेघ मारली. लिंबाएवढे चाळीस गोळे वळून ते मुरायला स्टीलच्या डब्यात भरले आणि डबा फडताळात सगळ्यात वर ठेवला. डब्यावर चिठ्ठी लावावी असं त्यांच्या मनात आलं होतं. पण शब्द कोणता वापरावा याचा निर्णय दोन दिवस झाला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा काढला, तर आत एकच गोळा होता.

"काका, लाडू जबरदस्त होते बरं का!" अहमदपूरची साक्षी पुस्तक मिटवत म्हणाली. "जरा कडू लागत्यात. पण कडू म्हणजे औषधी असणार, हो ना?"

"तू... तू खाल्लेस?"

"टेस्टच्या आदल्या दिवशी दोन खाल्ले. दोनशेपैकी एकशे शहाऐंशी पडले! पूर्ण बॅचमध्ये पहिली. मग पोरींनी डबाच काढला की. एक तुमच्यासाठी ठेवलाय."

शेषेरावांनी डबा परत फडताळात ठेवला. उद्या मुलींची आणखी एक परीक्षा होती. आता सांगितलं तर पोट बिघडेल की नाही कोण जाणे, पण धीर नक्की सुटेल. ते सरळ स्वयंपाकघरात गेले.

"अगं, मुलींनी ते गोळे खाल्ले."

"कोणते गोळे?"

"कटल्याचे."

सिंधुताईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "काय घातलं होतं त्यात? किडे न्हाई ना?"

"छे छे. कटला शाकाहारी वृत्तीचा असतो. पेंड, गूळ, मेथी..."

"पेंड! लोकांच्या लेकरांना पेंड चारली तुम्ही?" त्या कपाळाला हात लावून पाटावर बसल्या. मग हळूच विचारलं, "कोणाचं पोट बिघडलं का?"

"नाही. पहिला नंबर आला."

सिंधुताईंनी थोडा विचार केला. "मग गप बसा," त्या म्हणाल्या.

गप्प बसणं ही एकच गोष्ट शेषेरावांना उत्तम जमत असे. पण साक्षीला ती मुळीच जमत नव्हती. तिनं एसटीडीवरून घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तिचे वडील बजरंगराव अहमदपूरहून हजर झाले. एका हातात गुळाची ढेप, दुसऱ्या हातात तुपाची बरणी.

"काका, माल माझा, हात तुमचा," ते ओसरीवर बसत म्हणाले. "परीक्षा होईस्तोवर माझ्या पोरीला रोज दोन. कमी पडू द्यायचे न्हाईत."

"त्याचं असं आहे," शेषेराव पुटपुटले, "ते मुळात मुलींसाठी नव्हते..."

"ठावं हाय की! पोरानं खाल्लं तरी गुण येतोच ना? माझा पुतण्या अकरावीला हाय. त्याचेबी धरा."

दुपारी शेजारच्या मेसमधल्या मुलांच्या दोन आया आल्या. संध्याकाळी नायगावहून एक कुटुंब जीप करून आलं. तिसऱ्या दिवशी फाटकापासून कोपऱ्यापर्यंत डबे घेऊन पालक उभे होते, आणि त्यांना रांगेत उभं करायला बजरंगराव, कारण ते पहिले होते. एका क्लासचे संचालक स्वतः स्कूटरवर आले आणि 'चाळीस मुलांच्या खास तुकडीला लावून द्या' म्हणाले. शेषेराव न्हाणीघरात कडी लावून बसले. तिथं बसून त्यांनी हिशेब केला. रविवारला सहा दिवस होते. सदतिसावं प्रमाण बंधाऱ्यावर तपासायचं राहिलं होतं, आणि ते तपासायला घरात एकच गोळा होता. बाहेर सगळं लातूर पेंड खायला उभं होतं.

शेवटी त्यांना स्वतःचीच शरम वाटली. ते बाहेर आले, ओसरीच्या पायरीवर उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा घोळक्यासमोर बोलले.

"मंडळी, कृपया गैरसमज नसावा. हे मत्स्यामिष आहे."

मग मागून एक बाई म्हणाल्या, "बघा, मी म्हणलं नव्हतं का, आयुर्वेदिक हाय!"

सिंधुताई पदराला हात पुसत पुढे आल्या. "अवं, माशाचं खाणं हाय ते! गळाला लावायचं! पेंड हाय त्यात, पेंड! घरी जावा!"

साक्षीनं तोंडावर ओढणी दाबली. बजरंगरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"एक विचारू का काका? मासा खाल्ल्यानं डोकं चालतं, असं डॉक्टर सांगत्यात ना?"

"तसं म्हणतात खरं."

"मग मासा हुशार कशानं होतो? जे खातो त्यानंच ना?" बजरंगराव रांगेकडे वळले. "आपण माळकरी. मासा तर खाऊ शकत न्हाई. मग मासा जे खातो ते थेट खाल्लेलं काय वाईट?"

रांगेत 'बरोबर हाय' असं दोन-चार ठिकाणी झालं आणि रांग आणखी लांबली. नायगावच्या गृहस्थांनी आपली मागणी दुप्पट केली.

"या आता आत," सिंधुताई नवऱ्याला म्हणाल्या. "तुमच्यानं न्हाई व्हायचं. द्यायचंच हाय तर माणसाचं खाणं देते."

त्यांनी बजरंगरावांचा गूळ फोडला, त्यांचंच तूप कढईत सोडलं. कणीक भाजली, डिंक फुलवला, तुपात मुरवलेली मेथी घातली. शेषेराव पाटावर मान खाली घालून बसले होते. कार्डाला काय उत्तर लिहावं या विचारात होते. 'सांगत नाही' लिहावं, तर खोटं. 'सांगता येत नाही' लिहावं, तर मकबूलभाईंना ते खोटंच वाटणार.

एवढ्यात कढईतून वाफ आली. शेषेराव ताडकन उभे राहिले.

"हाच! विष्णुपुरीला हाच वास होता!"

सिंधुताईंचा हात कढईतच थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"छत्तीस प्रमाणं केली मी! हा वास एकदाही आला नाही. तू काय घातलंस?"

"अवं," सिंधुताई फार हळू म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुमच्याजवळ दोन डबे दिले होते. ध्यानात हाय? एक तुमचा. एक मकबूलभाईंच्या सुनेसाठी, बाळंतपणाच्या लाडवांचा. जाता जाता त्यांच्या घरी द्यायला सांगितलेला."

"दिला की. शहजादीभाभींच्या हातात दिला."

"कोणता दिला?"

शेषेराव हळूहळू पाटावर बसले. दहा वर्षं, छत्तीस प्रमाणं आणि सहा किलोंचा कटला त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेला.

"म्हणजे मेथीचे लाडू माशांनी खाल्ले?"

"हाव."

"आणि माझे गोळे...?"

"बाळंतिणीनं."

"अरे देवा! मग?"

"मग काय? शहजादीभाभींनी डबा परत धाडला, तेव्हा मला वासावरून कळलं. संगं निरोप होता, लाडवांचा लई गुण आला, तान्ह्या जिक्राला दूध कमी पडलं न्हाई. कोणत्या तोंडानं सांगणार होते मी?"

"निदान मला तरी सांगायचंस!"

सिंधुताईंनी लाडू वळायला घेतला. "तुम्ही त्या दिवशी शिट्टी वाजवत घरात आला. लगीन झाल्यापासून पयल्यांदा. म्हणलं, वाजवू द्या."

शेषेरावांच्या पोटातून एक विचित्र आवाज आला. सिंधुताई घाबरून वळल्या, तर ते हसत होते. चष्मा काढून, डोळे पुसत, कढईला हात टेकून चटका बसला तरी हसत होते. पुढच्या खोलीतून मुली धावत आल्या. काकांना हसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी त्यांनी पत्र लिहायला घेतलं.

'प्रिय मकबूलभाई, आम्ही दोघे भूकंपातून सुखरूप आहोत,' ही पहिली ओळ. मग त्यांनी दोन डब्यांची सगळी हकिकत लिहिली, काहीही न लपवता. सूनबाईंची माफी मागितली. शेवटी कृती लिहायला घेतली आणि वही उघडून, पेन सरसावून विचारलं, "कणीक किती?"

"अंदाजानं," सिंधुताई म्हणाल्या.

"मेथी?"

"कणकेच्या अंदाजानं."

"अगं, काहीतरी माप असेल! वाटी? चमचा?"

"आईनं मला हातानं शिकवलं. हाताचं काय माप सांगू?"

शेषेरावांनी वही मिटली आणि पत्रातच लिहिलं, 'कणीक अंदाजे, मेथी अंदाजे, तूप अंदाजे. निम्मे लाडू माशांना द्यावेत, निम्मे आपण खावेत.' अकरा लाडवांचं पुडकं त्यांनी पत्रासोबत बांधलं.

पोस्टात बाई वजन करून तिकिटं लावत होत्या. तेवढ्यात शेषेरावांच्या मनात आलं, निम्मे म्हणजे साडेपाच होतात. एकदा खिडकीतून परत मागून घ्यावं, दुरुस्त करावं. त्यांनी हात पुढेही केला.

बाईंनी पुडकं मागच्या थैलीत टाकलं. "काय हो काका, काही राहिलं का?"

"नाही," शेषेराव म्हणाले. "गेलं ते बरं झालं."